विंडोजमध्ये वाय-फाय चालते, लिनक्समध्ये कधी चालते कधी नाही: दोन प्रणालींच्या संगणकावर दोष कसा शोधावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) शेजारी शेजारी बसवलेले आहेत. विंडोजमध्ये वाय-फाय सुरळीत चालते. विंडोज बंद करून उबुंटू सुरू केले की कधी वाय-फायचे चिन्हच उमटत नाही, कधी उमटते पण जोडणी दहा-पंधरा मिनिटांत तुटते, आणि कधी सगळे व्यवस्थित असते. आपण उबुंटू दोनदा नव्याने बसवून पाहिले, पण फरक पडला नाही. तो पडण्याची शक्यता मुळातच कमी होती, कारण या वर्णनावरून दोष उबुंटूच्या फाइलींमध्ये आहे असे दिसत नाही.

या वर्णनातला सर्वांत मोलाचा शब्द ‘कधी’ हा आहे. ड्रायव्हर (कार्ड चालवणारी प्रणालीतली आज्ञावली) नसता, तर वाय-फाय एकदाही चालले नसते. वाय-फाय कार्ड बिघडले असते, तर त्याने विंडोजमध्येही त्रास दिला असता. जो दोष एका प्रणालीत येतो-जातो आणि दुसरीत अजिबात नसतो, तो बहुधा दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर असतो. म्हणूनच, कोणतीही आज्ञा चालवण्यापूर्वी मी पहिल्यांदा हेच विचारतो की, उबुंटू सुरू करण्याआधी संगणक नेमका कसा बंद झाला होता.

हे विचारण्याचे कारण कार्डाच्या रचनेत आहे. वाय-फाय कार्ड हा स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची स्मृती असलेला एक छोटा संगणकच असतो. त्याला आतून चालवणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बहुतेक कार्डांमध्ये कायमची साठवलेली नसते. प्रणाली सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. विंडोजचा ड्रायव्हर आपली आवृत्ती भरतो, लिनक्सचा आपली. कार्डाची वीज पूर्ण तुटली की ते कोरे होते आणि पुढच्या ड्रायव्हरला सुरुवातीपासून काम करता येते. वीज तुटली नाही, तर मात्र कार्ड आधीच्या ड्रायव्हरने सोडलेल्या अवस्थेतच राहू शकते, आणि नवा ड्रायव्हर त्याला हाका मारत राहतो पण उत्तर येत नाही.

इथे विंडोजची एक सोय आडवी येते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची व्यवस्था आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. ती चालू असताना ‘शट डाउन’ दाबले, तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. वापरकर्त्याचे सत्र तेवढे संपते. प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था ‘हायबरफिल’ नावाच्या फाइलीत जशीच्या तशी उतरवून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी सगळे नव्याने उभारावे लागू नये. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ मध्ये हे घडत नाही, तिथे विंडोज खरोखरच नव्याने सुरू होते. नावांवरून कोणालाही उलटेच वाटेल. इंटेलच्या लिनक्स ड्रायव्हरच्या माहितीतही या सोयीमुळे लिनक्समध्ये कार्ड सुरू होताना अडचण येऊ शकते, असे स्पष्टपणे नमूद केलेले आहे.

ही सोय बंद करण्यासाठी विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे, डावीकडचा ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ हा दुवा निवडावा, वर दिसणाऱ्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ वर टिचकी मारावी, आणि मग खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढून बदल जतन करावा. मधली पायरी विसरली तर खूण फिकट दिसते आणि काढता येत नाही. निम्मे लोक इथेच अडकतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘फास्ट बूट’ नावाची जी सेटिंग असते ती वेगळी आहे. तिचा विंडोजच्या या सोयीशी संबंध नाही, तेव्हा ती बदलून ‘मी करून पाहिले, उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढू नये. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर ही खूण परत आलेली मी अनेकदा पाहिली आहे, त्यामुळे महिनोन्‌महिने चाललेले वाय-फाय एके दिवशी अचानक रुसले तर आधी तिथेच डोकवावे.

आपल्या संगणकात हेच घडत आहे का, याचा एक साधा पुरावा वाय-फायशी संबंध नसलेल्या ठिकाणी सापडतो. उबुंटूमध्ये विंडोजचे विभाजन (डिस्कवरचा विंडोजचा भाग) उघडून त्यात एखादी फाइल ठेवून पाहा. ते उघडतच नसेल, फक्त वाचण्यापुरते उघडत असेल, किंवा ‘विंडोज हायबरनेट अवस्थेत आहे’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर विंडोज पूर्ण बंद झालेले नाही अशी दाट शक्यता आहे. हायबरनेट फाइल पुसून विभाजन जबरदस्तीने उघडण्याचे पर्याय उपलब्ध आहेत, पण ते वापरू नयेत. विंडोजचे न जतन झालेले काम त्यात जाते आणि क्वचित विभाजनही बिघडते.

आता प्रत्यक्ष चाचणी करू. यात घाई करू नये. कागदावर चार ओळी आखाव्यात आणि प्रत्येकीसमोर वाय-फाय चालले की नाही ते लिहावे. पहिल्यांदा विंडोज नेहमीप्रमाणे शट डाउन करून उबुंटू सुरू करावे. दुसऱ्यांदा शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन निवडावे, त्यामुळे तेवढ्यापुरते विंडोज पूर्ण बंद होते. तिसऱ्यांदा विंडोजमधून रीस्टार्ट करून थेट उबुंटूत यावे. चौथ्यांदा संगणक पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि मग सगळे जोडून थेट उबुंटू सुरू करावे. प्रत्येक प्रकार किमान तीनदा करावा, कारण येणारा-जाणारा दोष एका फेरीत फसवतो.

पहिली ओळ नापास आणि बाकीच्या तीन पास झाल्या, तर दोष फास्ट स्टार्टअपचा आहे आणि उपाय वर दिलाच आहे. पहिली आणि तिसरी नापास, पण दुसरी आणि चौथी पास, असे झाले तर अर्थ वेगळा आहे: रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होत असले, तरी मदरबोर्डची वीज क्षणभरही तुटत नाही, आणि आपल्या कार्डाला त्या अवस्थेतून सावरता येत नाही. अशा वेळी विंडोजमधून उबुंटूत येताना रीस्टार्ट टाळून पूर्ण शट डाउन करण्याची सवय लावावी आणि लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) नव्यात नव्या आवृत्तीवर न्यावा, कारण कार्ड नीट ‘रीसेट’ करण्याच्या सुधारणा कर्नलमध्येच येत असतात. केवळ चौथी ओळ पास झाली, तर बंद अवस्थेतही कार्डाला थोडी वीज मिळत राहते असे समजावे. यासाठी बायोसमध्ये नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची सेटिंग असल्यास ती बंद करून पाहावी. चारही ओळी अधूनमधून नापास होत असतील, तर मात्र उंबरठ्याचा मुद्दा सोडून पुढे वाचावे.

चौथ्या प्रकाराला पुष्कळ लोक अंधश्रद्धा समजतात, म्हणून एक अनुभव सांगतो. एका परिचितांच्या लॅपटॉपमध्ये उबुंटूत कार्ड दिसत नव्हते आणि नंतर ते विंडोजमध्येही दिसेनासे झाले. दुरुस्ती करणाऱ्याने कार्ड गेले असे सांगून नवे मागवायला लावले होते. मी चार्जर काढला, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवली, तीस सेकंद बटण दाबून धरले आणि पुन्हा जोडणी केली. कार्ड दोन्ही प्रणालींत परत आले; ते मेले नव्हते, अडकले होते. मागवलेले नवे कार्ड त्यांच्या टेबलाच्या खणात अजून बंद पाकिटात आहे.

वरील उपायांनी काम झाले नाही, तर कर्नलची नोंद वाचावी. (पुढील आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या कंसात दिल्याप्रमाणे रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात.) ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) ही आज्ञा प्रणाली सुरू झाल्यापासूनच्या नोंदी दाखवते, त्यांत आपल्या ड्रायव्हरच्या नावाच्या ओळी शोधाव्यात. इंटेलच्या कार्डांसाठी हे नाव ‘आयडब्ल्यूएल-वायफाय’ (iwlwifi) असते. तिथे दोन आकड्यांवर लक्ष ठेवावे. ‘-२’ म्हणजे मागितलेली फर्मवेअरची फाइल डिस्कवर सापडली नाही, आणि ‘-११०’ म्हणजे वाट पाहूनही कार्डाने वेळेत उत्तर दिले नाही. एक बारकावा लक्षात असू द्यावा: इंटेलचा ड्रायव्हर आधी सर्वांत नवी फर्मवेअर फाइल मागतो, ती नसेल तर एकेक पायरी खाली उतरतो, त्यामुळे ‘-२’ च्या काही ओळी दिसून शेवटी फर्मवेअर भरले गेले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. शेवटपर्यंत ‘-२’ च असेल तर फर्मवेअरचा संच बसवणे हा उपाय आहे. ‘-११०’ असेल तर फर्मवेअर पुन्हा पुन्हा बसवून काहीही होणार नाही. तो आकडा पुन्हा वीज आणि रीसेटकडे बोट दाखवतो.

नोंदीत ड्रायव्हरचे नावच नसेल, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक उपकरणाचा क्रमांक आणि त्याला सध्या कोणता ड्रायव्हर सांभाळतो ते दाखवते. वाय-फाय कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर कर्नलला कार्ड दिसते पण चालवता येत नाही, असा अर्थ घ्यावा. येथे वय महत्त्वाचे ठरते. इंटेल एएक्स२१० कार्डाला कर्नल ५.१० पासून आधार मिळाला, मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२ पासून आणि रिअलटेक ८८५२एई ला ५.१६ पासून. नवा लॅपटॉप आणि जुनी लिनक्स आवृत्ती अशी जोडी असेल, तर इकडून तिकडून ड्रायव्हर उतरवण्यापेक्षा नवा कर्नल घेणे केव्हाही चांगले. इंटरनेटच नाही मग कर्नल आणायचा कसा, या अडचणीवर सोपा मार्ग आहे: फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्सला तो तारेचा जोड वाटतो आणि बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि कार्ड या यादीतच नसेल, तर दोष लिनक्सच्या ड्रायव्हरच्या खालच्या पातळीवर आहे. मग बायोसमध्ये वायरलेस चालू आहे का ते पाहावे आणि वरची चौथी चाचणी पुन्हा करावी.

ब्रॉडकॉमची जुनी कार्डे आणि काही रिअलटेक कार्डे यांचे ड्रायव्हर कर्नलबाहेरचे असतात आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बांधले जावे लागतात. ‘कालपर्यंत चालत होते, आज अद्ययावत केल्यावर गेले’ अशी तक्रार असेल तर आधी हीच शंका घ्यावी. संगणक सुरू होताना जुना कर्नल निवडून वाय-फाय परत आले, तर ती खरी ठरते. दोन प्रणालींच्या संगणकात सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त स्वाक्षरी असलेली आज्ञावली चालू देणारी सेटिंग) बहुधा चालू असते, आणि स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर त्यात भरला जात नाही. उबुंटू असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तो विचारते. तो पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले गेले की नोंदणी राहून जाते, आणि मग ड्रायव्हर बसवलेला असूनही चालत नाही याचे कोडे सुटत नाही. सिक्युअर बूट बंद करणे हा दुसरा मार्ग आहे, पण विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा उपकरण-एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्या बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागते. ती की हाताशी असल्याची खात्री केल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नये. यात वाय-फायपेक्षा पुष्कळ मोठे नुकसान होऊ शकते.

कार्ड दिसते, ड्रायव्हर आहे, पण वाय-फाय चालू करण्याचे बटण दबतच नाही, असे असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) ही आज्ञा द्यावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ समोर होकार असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ (rfkill unblock wifi) ने तो निघतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’ समोर होकार असेल तर आज्ञेने काही होत नाही, कारण ती बंदी हार्डवेअरकडून आलेली असते: बाजूचे बटण, बायोसची सेटिंग, किंवा काही लॅपटॉपमध्ये विंडोजमध्ये चालू ठेवलेला एअरप्लेन मोड. शेवटच्या प्रकारात विंडोजमध्ये परत जाऊन तो मोड बंद करावा आणि पूर्ण शट डाउन करावे.

आपल्या तक्रारीचा दुसरा भाग, म्हणजे जोडणी दहा-पंधरा मिनिटांत तुटणे, हा बहुतेक वेळा वीजबचतीशी निगडित असतो. उबुंटूमध्ये नेटवर्क मॅनेजर (जोडण्या सांभाळणारी आज्ञावली) वाय-फायची वीजबचत चालू ठेवतो आणि काही कार्डे त्या डुलकीतून वेळेवर जागी होत नाहीत. ‘ईटीसी’ फोल्डरात नेटवर्क मॅनेजरचे फोल्डर, त्यात ‘कॉन्फ.डी’, आणि त्यात वीजबचतीची एक छोटी फाइल असते, तिच्यातील ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ (wifi.powersave) ची किंमत ३ असते, ती २ करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. ० किंवा १ लिहून बंद झाले असे समजू नये. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण तो फरक मला कधी जाणवला नाही. त्यानंतरही जोडणी तुटत असेल, तर तुटण्याच्या क्षणाच्या आसपासच्या नोंदी पाहाव्यात. राउटरपासून दोन हातांवरही सिग्नल अत्यंत क्षीण दिसत असेल आणि कार्ड रिअलटेक ८७२३बीई असेल, तर ते कार्ड दोनपैकी ज्या अँटेनाला तार जोडलेलीच नाही तिच्यावर ऐकत बसलेले असू शकते. ड्रायव्हरला ‘एएनटी_एसईएल’ (ant_sel) हा पर्याय १ किंवा २ देऊन दुसरा अँटेना निवडता येतो, आणि एका ओळीच्या बदलाने सिग्नल एकदम वर येतो.

बाकी सगळी नेटवर्के दिसतात, फक्त स्वतःच्या राउटरचे दिसत नाही, हा प्रकार निराळा आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १२ आणि १३ क्रमांकांच्या वाहिन्या काही देशांत खुल्या आहेत, काहींत नाहीत. लिनक्सला देश माहीत नसेल तर ते सर्वांत सावध नियम लावते आणि त्या वाहिन्यांवर स्वतःहून संदेश पाठवत नाही. राउटरने आपोआप १३वी वाहिनी निवडली असेल, तर विंडोजमध्ये दिसणारे नेटवर्क लिनक्समध्ये गायब होऊ शकते. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी एक वाहिनी पक्की करून पाहणे ही सर्वांत जलद चाचणी आहे.

उलट दिशेचाही विचार करून ठेवावा. उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळे चिन्ह आणि ‘कोड १०’ (उपकरण सुरू होऊ शकले नाही) दिसू शकतो. तिथे लगेच ड्रायव्हर काढून टाकण्याची चूक करू नये. विंडोज पूर्ण शट डाउन करावे, वीज तोडण्याचा वरचा प्रकार करावा, आणि तरीही चिन्ह राहिले तरच ड्रायव्हरकडे वळावे.

दोन गोष्टी मात्र या दोषात विनाकारण गोवल्या जातात. विंडोज संगणकातले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळेवर, त्यामुळे प्रणाली बदलली की वेळ काही तासांनी सरकते. घरच्या वाय-फायची जोडणी त्याने तुटत नाही. प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये किंवा जोडणी होऊनही संकेतस्थळे उघडत नसतील तेव्हा घड्याळ तपासणे योग्य आहे. दुसरी गोष्ट, ब्लूटूथचे हेडफोन दर वेळी नव्याने जोडावे लागणे. ब्लूटूथ बहुधा त्याच कार्डावर असले, तरी तिथे कारण वेगळे असते: दोन्ही प्रणाली एकाच पत्त्याखाली वेगवेगळ्या गुप्त किल्ल्या साठवतात आणि हेडफोनला त्यांतली शेवटचीच आठवते.

सगळे करूनही कार्ड बदलण्याची वेळ आली, तर इंटेलची एएक्स२११ सारखी कार्डे इंटेलच्याच ठरावीक चिपसेटवर चालतात हे ध्यानात ठेवावे. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसतील, पण चालणार नाहीत. एएक्स२१० ला ही अट नाही. आपण अजून त्या टप्प्यावर आहात असे मला वाटत नाही. आधी फास्ट स्टार्टअप चालू असतानाच चार ओळींची चाचणी तीन-तीनदा करावी, मग ते बंद करावे, आणि दोष उरलाच तर तो कागद, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ मधील वाय-फाय कार्डाच्या ओळी आणि वाय-फाय न चाललेल्या एका सुरुवातीच्या कर्नल नोंदी कळवाव्यात. त्या नोंदी तेव्हा घ्यायच्या राहिल्या असतील, तर ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१’ (sudo journalctl -k -b -1) ही आज्ञा मागच्या सुरुवातीच्या नोंदी काढून देते.